साखर आटोक्यात, तरी किडनी का बिघडते?

सकाळी तळजाईवर किंवा सारसबागेत फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या गप्पा ऐकल्यात का? फास्टिंग किती, पीपी किती, 'तीन महिन्यांची' किती, हे आकडे तोंडपाठ असतात. त्याच माणसांना लघवीतून जाणारं अल्ब्युमिन हे प्रथिन किती आहे असं विचारा. बहुतेक जण तुमच्याकडे बघत राहतील. मधुमेह म्हणजे साखरेचा आजार ही समजूत इतकी घट्ट बसली आहे, की साखरेपलीकडे शरीरात काय चाललंय ते विचारायचं राहूनच जातं.

मधुमेह असलेल्या साधारण तिघांपैकी एकाला पुढे मूत्रपिंडाचा त्रास होतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. डायलिसिसपर्यंत पोचण्याचं जगभरातलं सर्वात मोठं कारणही तोच. मग किडनी नेमकी बिघडवतं कोण? एकटी साखर नक्कीच नाही. तिच्याबरोबर एक जोडीदार असतो आणि तो आपल्याच घरचा आहे: शरीराची प्रतिकारयंत्रणा.

एका मूत्रपिंडात सुमारे 10 लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. तिथे रक्त गाळलं जातं आणि पुढच्या नलिकेत त्यातलं कामाचं परत शोषलं जातं. दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते दीड-दोन लिटर. या पेशींची एक अडचण आहे. स्नायूंमधल्या पेशींना साखर आत घ्यायला इन्सुलिनची परवानगी लागते, मूत्रपिंडातल्या अनेक पेशींना ती लागत नाही. रक्तात साखर वाढली की ती सरळ आत शिरते. शिवाय वर्षानुवर्षं जास्त राहिलेली साखर प्रथिनांना चिकटून त्यांना बिघडवते. अशी बिघडलेली प्रथिनं पेशींवरच्या संवेदकांना टोचत राहतात.

त्रासलेल्या पेशी रासायनिक संदेश सोडतात. त्यातला सर्वात महत्त्वाचा एमसीपी-1. रक्तातून फिरणाऱ्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना 'इकडे या' असं सांगणं हे त्याचं काम. त्या येतात, रक्तवाहिनीच्या भिंतीतून आत घुसतात आणि त्यांच्या मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षक पेशी होतात. 1882 साली इटलीतल्या मेसिना इथे एली मेचनिकॉफने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसला आणि त्याभोवती जमलेल्या फिरत्या पेशी पाहिल्या. या पेशी गिळून संरक्षण करतात ही कल्पना तिथून पुढे आली आणि 1908 चं नोबेल पारितोषिकही त्याला मिळालं, अर्थात पॉल एर्लिखबरोबर विभागून. मेचनिकॉफच्या काट्याला निदान एक शेवट होता. काटा निघाला की पेशी पांगतात. मधुमेहात काटा निघतच नाही.

गोम इथेच आहे. महाभक्षक पेशी दोन प्रकारची कामं करतात. सुरुवातीला जाळपोळ: टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-1 बीटा यांसारखी द्रव्यं सोडायची, दाह पेटवायचा, आणखी पेशी बोलवायच्या. नंतर डागडुजी: मेलेल्या पेशी उचलायच्या, टीजीएफ-बीटा सोडून नवे धागे विणायला लावायचे. (पुस्तकात हे दोन वेगळे गट म्हणून शिकवतात, प्रत्यक्षात एकच पेशी परिस्थितीनुसार यातलं थोडंथोडं करत असते.) जखम एकदाच झाली असेल तर हा क्रम उत्तम. पण इजा रोजचीच असेल तर दाह आणि डागडुजी दोन्ही एकाच वेळी, अखंड चालू राहतात. कोलॅजन या चिवट धाग्यांच्या प्रथिनाचे थरावर थर चढतात. ड्रेनेज दुरुस्त करायला आलेल्या माणसांनी झाकणासकट सगळ्या रस्त्यावर काँक्रीट ओतून जावं, तसं होतं. व्रणाच्या ऊतीतून रक्त गाळलं जात नाही.

त्यात भर पडते गळतीची. रक्त गाळणाऱ्या त्या गुच्छाच्या चाळणीवरच्या पोडोसाइट पेशी या दाहात गळून पडतात आणि त्यांची भरपाई जवळजवळ होत नाही. मग अल्ब्युमिन नलिकेत उतरतं. नलिकेच्या पेशी ते परत शोषायला धडपडतात, त्या ओझ्याने त्रासतात आणि त्याही एमसीपी-1 सोडू लागतात. पुन्हा नवे मोनोसाइट. टी-पेशी आणि मास्ट पेशी या प्रतिकारयंत्रणेतल्या इतर पेशीही या गर्दीत सापडतात, पण सध्या तरी पुराव्याचं पारडं महाभक्षक पेशींकडेच झुकतं. एमसीपी-1 चं जनुकच काढून टाकलेल्या उंदरांना मधुमेह झाला, साखर तितकीच वाढली, तरी मूत्रपिंडाची हानी कमी झाली. साखर तीच, नुकसान वेगळं!

माणसांमधला पुरावा वेगळ्या वाटेने येतो. टाइप 1 मधुमेहाच्या (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही) 1,441 रुग्णांवर अमेरिकेत आणि कॅनडात साखरेच्या काटेकोर आणि साध्या नियंत्रणाची तुलना करणारी मोठी चाचणी झाली, ती 1993 साली संपली. त्यानंतर काटेकोर नियंत्रण असलेला गट आणि साधं नियंत्रण असलेला गट यांची साखर जवळपास सारखी झाली. तरीही पुढची अनेक वर्षं आधी सैल नियंत्रण असलेल्यांची मूत्रपिंडं जास्त बिघडत राहिली. साखर खाली आली म्हणून जुना हिशेब मिटत नाही. एकदा चिथावलेल्या पेशी आपल्या जनुकांवरच्या खुणांमधून ती चिथावणी जपून ठेवतात, हे याचं एक पटणारं स्पष्टीकरण आहे.

पुण्याचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के! आपण बारीक दिसतो आणि आत चरबी बाळगतो. ही पोटातली चरबी नुसती साठवण नव्हे. लठ्ठपणात चरबीच्या ऊतीतही महाभक्षक पेशी गर्दी करतात आणि दाहाची द्रव्यं रक्तात सोडतात, हे 2003 साली दिसून आलं. तेव्हा 'मी तर सडपातळ आहे' हा दिलासा पुणेकरांनी फार मनावर घेऊ नये.

मग दाह थांबवणारं औषध द्या की, असं कुणीही म्हणेल. पण दाह दाबणाऱ्या स्टेरॉइडने साखरच वाढते. मोनोसाइटला बोलावणारा संदेश अडवणाऱ्या एका गोळीने वर्षभराच्या चाचणीत लघवीतलं अल्ब्युमिन साधारण 16 टक्क्यांनी जास्त घटवलं, पण ती गोळी बाजारात आली नाही. इंटरल्युकिन-1 बीटा अडवणाऱ्या कॅनाकिनुमॅबने 10,000 हून अधिक रुग्णांच्या चाचणीत हृदयविकार थोडे कमी केले, मूत्रपिंडाला फायदा दिसला नाही आणि जीवघेणे संसर्ग मात्र वाढले. प्रतिकारशक्ती दाबणं हा खेळ नाही. ती 'वाढवणं'ही नाही. 'इम्युनिटी बूस्टर' म्हणून विकल्या जाणाऱ्या काढ्यांच्या बाटल्या पाहिल्या की मला नेहमी वाटतं, इथे मुळात त्या पेशी कमी नाहीत, जास्तच उत्साही आहेत.

यश आलं ते आडवाटेने. साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी 'ग्लिफ्लोझिन' गटातली औषधं चाळणीवरचा दाब आणि नलिकेवरचा भार उतरवतात. मग पेशी त्रासतात कमी आणि हाका मारतात कमी. 2019 च्या चाचणीत मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या गंभीर घटना त्यातल्या एका औषधाने सुमारे 30 टक्क्यांनी घटवल्या. मार्च 2025 मध्ये याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट संपल्यावर किमती चांगल्याच उतरल्या. फिनेरेनोन हे दुसरं औषध महाभक्षक पेशींमध्येही असलेला एक संवेदक अडवतं. 2020 साली त्याने मूत्रपिंडाच्या गंभीर नुकसानाचा धोका 18 टक्क्यांनी कमी केल्याचं दिसलं. त्यात रक्तातल्या पोटॅशियमवर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून ही औषधं डॉक्टरांना विचारूनच.

आणि हे सगळं उपयोगी पडतं ते वेळेत कळलं तर. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा एक टाकाऊ पदार्थ) वाढेपर्यंत मूत्रपिंडाची निम्मी क्षमता गेलेली असू शकते. लघवीतल्या अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर त्याच्या कितीतरी आधी बोलतं: प्रति ग्रॅम 30 मिलिग्रॅमच्या खाली ठीक, 300 च्या वर गंभीर. टाइप 2 (बहुधा मोठ्या वयात होणारा, जास्त आढळणारा प्रकार) असेल तर निदानाच्या दिवसापासून आणि टाइप 1 असेल तर पाच वर्षांनंतर, दरवर्षी ही तपासणी करायची. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा चांगला. ताप असेल, लघवीला जळजळ असेल तर थांबा. रविवारी सिंहगड चढून आला असाल तर सोमवारी सकाळी नमुना देऊ नका, कारण जोराच्या व्यायामानेही अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. आकडा जास्त आला तर तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासायचा आणि तीनपैकी दोनदा जास्त आला तरच तो खरा मानायचा.