मिठी मारतं म्हणजे ऑटिझम नाही? असं नसतं हो

"आमचं बाळ डोळ्यात बघतं, हसतं, मिठी मारतं, मग ऑटिझम कसा असेल" हे किती वर्षं ऐकतेय आणि त्यापायी कितीतरी मुलांना मदत उशिरा मिळते, म्हणून लिहितेय. ऑटिझम (स्वमग्नता, म्हणजे मेंदूची वाढ वेगळी असल्याने संवाद साधणं आणि इतरांत मिसळणं वेगळं असणं) असलेली बरीच मुलं आईबाबांच्या कुशीत शिरतात, लाड करून घेतात, नजरेला नजरही देतात, त्यामुळे एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

बघायचं ते वेगळंच. साधारण ९ महिन्यांचं बाळ नाव घेतल्यावर वळून बघतं का, वर्षाचं होईपर्यंत टाटा करतं का, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते बोट दाखवणं. हवं ते मागायला नाही हं, दीड वर्षाचं मूल आकाशात विमान दिसलं की बोट दाखवून परत तुमच्याकडे बघतं, "तुला दिसलं का" असं, ते होतंय का बघा. आलेले शब्द बंद झाले तर अजिबात थांबू नका. हाकेला बघत नसेल तर कानही तपासून घ्या, कमी ऐकू येत असलं तरी असंच दिसतं.

एका लक्षणावरून निदान होत नाही, पण "मुलगा आहे, उशिरा बोलेल" म्हणत ३ वर्षं काढू नका. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सगळ्याच मुलांचं १८ आणि २४ महिन्यांना ऑटिझमसाठी स्क्रीनिंग (प्राथमिक चाचणी) करा म्हणते, आणि स्पीच थेरपी सुरू करायला पक्क्या निदानाची वाट बघत बसायची गरज नसते.