वाशांच्या टोकावरची फळी आली कुठून

हल्ली अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठंही नवं किंवा डागडुजी केलेलं घर बघा, छपराच्या कडेला पांढरी नाहीतर सागवानी रंगाची प्लास्टिकची पट्टी मारलेली दिसते. फॅब्रिकेटर तिला फेशिया म्हणतो, घरवाले नुसती पट्टी म्हणतात, आणि बऱ्याच जणांना वाटतं की आधी इथं लाकडाची फळी असायची तिच्या जागी ही आली. तसं नाहीये. आपल्या जुन्या घरांना तिथं फळी नव्हतीच.

आधी गवताचं किंवा झापांचं छप्पर, नंतर कुंभाराची नळीची कौलं, खाली किंजळ, ऐन नाहीतर भेरलीमाडाचे वासे, त्यावर पोफळीच्या रिपा, आणि वाशांची टोकं बाहेर सरळ उघडी. पाणी पागोळ्यांनी अंगणात पडायचं, कुठं पन्हळ लागलीच तर पोफळ उभी चिरून केलेली. टोकं भिजायची हे खरं, पण चारी बाजूंनी वारा असल्यामुळे सुकायचीही, आणि एखादा वासा कुजलाच तर मे महिन्यात घर शाकारताना बदलून टाकायचे. भिंतीला पाऊस लागू नये म्हणून वळचण खोल ठेवलेली असायची, शिवाय पडवीच्या तोंडाला झापांचा आडोसा, त्यामुळे कड झाकायची गरजच कुणाला पडली नाही.

फळी आली ती मंगलोरी कौलांबरोबर. १८६५ मध्ये बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेच्या जॉर्ज प्लेब्स्टनं मंगळूरजवळ जेप्पूला कारखाना काढला, कौलाची कल्पना मूळ फ्रान्सची, अल्सेसमधल्या जिलार्डोनी भावांनी १८४१ मध्ये एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचं पेटंट घेतलं होतं. ही कौलं गलबतांतून आपल्या बंदरांना उतरायला लागली. साच्यातलं कौल असल्यामुळे ओळ सरळ येते, आणि ओळ सरळ आली की वाशांची वेडीवाकडी टोकं डोळ्यात भरतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, सगळ्यात खालच्या कौलाला खालून दुसऱ्या कौलाचा आधार नसतो, मग ते जरा उचलून धरायला कडेला उंच काहीतरी लागतं, नाहीतर त्या ओळीचा उतार मोडतो. ते काम फळीनं केलं, आणि वाऱ्याला कौल खालून उचलणंही थोडं अवघड झालं. सरकारी बंगले, मग गावातल्या पैसेवाल्यांची घरं, तिथं याच फळीला खाली कोरीव झालर लागली. बाकीच्यांनी एक रीप उभी ठोकली आणि भागवलं.

प्लास्टिकची पट्टी मात्र आपण घेतली ती इंग्लंडाकडून. तिथं या फळीवर मोठी जबाबदारी, तिच्यावर पन्हळ लटकते. फळी मऊ पाइन जातीच्या लाकडाची, दर काही वर्षांनी रंगवावी लागणारी, मागून ओल धरून कुजणारी. त्यावर उपाय म्हणून पीव्हीसी हे प्लास्टिक. हे रसायन जुनं आहे, १८७२ मध्ये बाउमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाच्या काचेच्या भांड्यात उन्हानं आपोआप बनलेलं, पण कडक आणि ठिसूळ म्हणून कुणाला त्याचं काय करावं कळेना, १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमननं ते मऊ करायची युक्ती काढली तेव्हा धंदा सुरू झाला. फळीला वापरतात ते मऊ न केलेलं, आत बारीक फेस असलेलं आणि वरून कडक सालीचं, म्हणून हलकं. १९८० च्या दशकात तिथं घरोघरी हे बसलं. त्यात एक वाईट सवयही पडली, कुजकी फळी न काढता वरून पातळ पट्टी ठोकायची, म्हणजे वरून चकाचक आणि आत भुसा!

आपल्याकडे कारणं वेगळी. साग परवडेना, गावातले सुतार मुंबईला, कौलं माकडं फोडतात म्हणून लोकांनी वरून पत्रा चढवला, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कौलं-पत्रे उडवल्यावर तर लोखंडी पाइपच्या सांगाड्याचं काम आणखी वाढलं. खाऱ्या हवेत पाइपचं उघडं टोक आणि पत्र्याची कापलेली कड आधी गंजते, मग ती झाकायला पट्टी. प्लास्टिकला वाळवी नाही, गंज नाही, रंग नको. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

तक्रार बसवण्याच्या पद्धतीवर आहे. लाकूड उन्हानं लांबीत जवळजवळ वाढत नाही, पीव्हीसी मीटरमागे दर अंशाला सुमारे ०.०६ मिलिमीटर वाढतं, म्हणजे ५ मीटरच्या पट्टीत ३० अंशांचा फरक पडला की ९ मिलिमीटर. आपले लोक लाकडासारखा स्क्रू आवळतात, दोन पट्ट्या टोकाला टोक भिडवतात, आणि एप्रिलमध्ये पट्टी पोट काढते. भोक लांबट ठेवा, जोडावर फट सोडून वरून टोपी लावा, स्क्रू खाऱ्या हवेत टिकणाऱ्या ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, साध्या स्क्रूचे तांबडे ओघळ पहिल्याच पावसात पट्टीवर येतात. रंग शक्यतो पांढरा, त्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड ऊन अडवतं, गडद पट्टी जास्त तापते आणि जास्त वाढते.

आणि कड झाकली म्हणून खालची बाजूही ठोकून बंद करू नका, हे तर ज्यांच्याकडून आपण घेतलं ते इंग्रजही करत नाहीत, त्यांच्याकडे उताराच्या छपराच्या कडेला १० मिलिमीटरची सलग फट हवेसाठी ठेवायची पद्धत आहे. लाकडी वाशांचं घर असेल तर फेशियावाल्याला आधीच सांगून ठेवा, वळचणीला खालून पॅनल नको, जाळी मार, खारी आणि गांधीलमाश्या अडतील आणि वासे सुकत राहतील.