फेअरट्रेडची विक्री घटली की मोजणी बदलली?

गरीब देशांतल्या शेतकऱ्याला रास्त भाव आणि अटींची हमी देणारा फेअरट्रेड हा मालावरचा शिक्का. ब्रिटनमध्ये त्या शिक्क्याच्या मालाची विक्री २०१४ साली पहिल्यांदा घसरली, साधारण ४ टक्क्यांनी. जर्मनीत मात्र ती चढतच होती आणि २०१६ मध्ये १०० कोटी युरोंच्या पुढे गेली. तेव्हापासून ब्रिटिश ग्राहक कंटाळला आणि जर्मन जागा झाला, असं सर्रास लिहिलं जातं. ते घाईचं आहे.

सुरुवात थोडक्यात. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये मेक्सिकोतल्या छोट्या शेतकऱ्यांच्या कॉफीवर पहिला शिक्का लागला आणि तोवर स्वयंसेवकांच्या दुकानांत विकला जाणारा माल सुपरमार्केटात पोचला. पुढच्याच वर्षी कोणत्या देशाने किती कॉफी विकायची हे ठरवणारा देशांमधला कोटा करार मोडला आणि भाव कोसळले. २००१ च्या अखेरीस बाजारात पौंडभर वजनाच्या कॉफीला ५० सेंटही मिळत नव्हते, तेव्हा या शिक्क्याचा हमीभाव प्रीमियम (शेतकऱ्यांचा गट सामाईक कामांसाठी स्वतः ठरवून खर्च करतो ती जादा रक्कम) धरून १ डॉलर २६ सेंट होता. दरम्यान १९९७ मध्ये देशोदेशींचे शिक्के एका छत्राखाली आले होते.

त्या छत्राला २०११ मध्ये भोक पडलं. अमेरिकेतल्या संस्थेला कॉफीच्या मोठ्या मळ्यांवरचे मजूरही योजनेत हवे होते. बाकीच्यांचं म्हणणं, कॉफी ही छोट्या शेतकऱ्यासाठी राखलेली जागा आहे, तिथे मळेवाला आला की त्या शेतकऱ्यांचा सहकारी संघ मेलाच. वर्षअखेरीस अमेरिकन बाहेर पडले. मजुरांचा मुद्दा खोटा नव्हता, पण मोठ्या खरेदीदारांना एकगठ्ठा माल मिळण्याची सोयही त्यात होती, हे विसरून चालणार नाही. आकडेवारीचा घोळ इथूनच सुरू होतो. जगभरची विक्री २०११ मध्ये सुमारे ४९० कोटी युरो होती, २०१२ मध्ये ४८० कोटी. ग्राहक फारसे कुठे गेले नव्हते, बेरजेतून अमेरिकन शिक्का वगळला गेला होता. २०१३ मध्ये हाच आकडा ५५० कोटींवर गेला.

शब्दानेही गोंधळ वाढवला. इंग्रजीत जोडून लिहिलेलं ‘फेअरट्रेड’ हा एका विशिष्ट व्यवस्थेचा शिक्का आणि तोडून लिहिलेलं ‘फेअर ट्रेड’ ही सगळी चळवळ. मराठीत आपण दोन्ही कसंही लिहितो, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर सहज खपतो. शिवाय ही विक्री दुकानातल्या किमतीत मोजतात. चॉकलेटची वडी विकली की तिच्यातलं दूध, वेष्टन आणि दुकानदाराचा नफाही त्या आकड्यात येतो.

जर्मनीतल्या वाढीला २०१४ च्या नियमबदलाचा मोठा हात होता. आधी मालातला फेअरट्रेड अटींवर मिळू शकणारा प्रत्येक घटक तसाच घ्यावा लागे. त्या जानेवारीपासून कंपनीने फक्त कोको किंवा फक्त साखर या अटींवर घेतली तरी चालू लागलं. मोठ्या उत्पादकांना हे परवडलं. चॉकलेटची वडी उलटी करून बघा, मागे बारीक अक्षरांत ‘मास बॅलन्स’ असं काहीसं सापडेल. कारखान्याने १०० टन कोको या अटींवर घेतला, तर तेवढ्याच कोकोचा माल शिक्का मारून विकता येतो. प्रत्यक्ष टाकीत कुठल्या बिया पडल्या हे कोणी विचारत नाही. कॉफी आणि केळ्यांना ही सवलत नाही. शेतकऱ्याला पैसे मिळतात, म्हणून मला ती मान्य आहे. अक्षरं तेवढी मोठी हवी होती.

ब्रिटनमधली विक्री मात्र मूठभर कंपन्यांच्या निर्णयांवर उभी होती. सर्वांत खपाचं दुधाचं चॉकलेट २००९ मध्ये शिक्क्याखाली आलं, वेफरचं चॉकलेट २०१० मध्ये. पहिलं २०१६ मध्ये कंपनीच्या स्वतःच्या योजनेत गेलं. २०१७ मध्ये एका सुपरमार्केटने आपल्या चहावरचा शिक्का काढून ‘फेअरली ट्रेडेड’ हे स्वतःचेच शब्द छापायला घेतले. प्रीमियमचा पैसा कुठे वापरायचा हे आता कंपनीचं मंडळ ठरवणार होतं. आफ्रिकेतल्या चहा उत्पादकांनी ते नाकारलं, तरी योजना पुढे रेटली गेली. २०२० मध्ये वेफरवाल्यांनीही शिक्का सोडला. सुमारे २७,००० कोको आणि ऊस उत्पादकांना त्याची झळ बसणार होती आणि कंपनीने धरलेल्या नव्या शिक्क्यात हमीभावच नव्हता.