टर्कीचा माउथ कॉल डबीतच म्हातारा होतो

अमेरिकेत वसंत ऋतूत रानटर्की या मोठ्या पक्ष्याच्या शिकारीला निघालेल्या माणसाच्या खिशात हमखास सापडणारी वस्तू म्हणजे डायफ्राम कॉल, अर्थात माउथ कॉल: तोंडात धरून टर्कीसारखा आवाज काढायचं साधन. नालेच्या आकाराची अ‍ॅल्युमिनियमची छोटीशी चौकट, तिच्यात ताणून बसवलेल्या लेटेक्सच्या पातळ पट्ट्या, ज्यांना रीड म्हणतात, आणि टाळूला नीट चिकटून बसावी म्हणून भोवती टेपची झालर. एवढाच संसार. इंडियाना राज्यातल्या न्यू अल्बनीच्या सॅम्युएल मॅक्लेन यांनी १८६७ साली अशा तोंडात धरून वाजवायच्या कॉलचं पेटंट घेतलं. याचा मोठा फायदा असा, की तो वाजवताना दोन्ही हात मोकळे राहतात.

निसर्गात आवाज देतो नर आणि त्याच्याकडे चालत जाते मादी. शिकारी हा क्रम उलटा करू पाहतो: झाडाला पाठ टेकून मादीचा आवाज काढायचा आणि नराला आपल्याकडे यायला लावायचं. मादीच्या ‘यल्प’ या हाकेची सुरुवात उंच, स्वच्छ सुरात होते आणि लगेच ती खालच्या, खरखरीत सुरावर घसरते. हे दोन्ही सूर एकाच लेटेक्समधून काढावे लागतात. वरच्या रीडला दिलेला काप खरखर आणतो आणि जिभेचा दाब सूर चढवतो-उतरवतो. असा कॉल एका हंगामात छान वाजतो आणि पुढच्या वर्षी डबी उघडली तर बसल्या आवाजात कुरकुरतो. मधल्या काळात त्याला कुणी हातही लावलेला नसतो. माझं म्हणणं असं, की माउथ कॉल वाजवून जितका झिजतो त्यापेक्षा नुसता पडून जास्त बिघडतो, आणि त्याची निगा राखायची म्हणजे मुख्यतः या पडून राहण्याच्या काळाची सोय लावायची.

आधी आवाजाचं गणित पाहू. ताणलेल्या पडद्याचा सूर ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे चढतो आणि पडद्याचं वजन वाढलं की त्याच्या वर्गमुळाप्रमाणे उतरतो. रीडची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी. समजा, वाळलेल्या लाळेचा आणि खाल्लेल्या पदार्थांच्या अंशांचा ०.०१ मिलिमीटरचा थर तिच्यावर बसला. वजन सुमारे १० टक्क्यांनी वाढलं, सूर जवळजवळ ५ टक्क्यांनी उतरला. हार्मोनियमवर एका पट्टीवरून लगतच्या पट्टीवर जाताना सूर सुमारे ६ टक्क्यांनी बदलतो, म्हणजे जवळपास तेवढीच ही घसरण. दुसऱ्या बाजूने, लेटेक्स सैल पडून ताण १० टक्क्यांनी घटला तरी सूर तितकाच उतरतो. घाण आणि सैलपणा दोन्ही आवाजाला एकाच दिशेला, खाली ओढतात. त्यातून दोन रीड एकमेकींना चिकटल्या तर त्या एकच जाड पट्टी असल्यासारख्या वागतात आणि ती खरखर नाहीशीच होते.

म्हणून वापर झाला की कॉल लगेच थंड, स्वच्छ पाण्यात खळबळून घ्यावा. लाळेत ९९ टक्के पाणी असतं, पण उरलेल्या एका टक्क्यातली प्रथिनं आणि म्युसिन (लाळेला बुळबुळीतपणा देणारा घटक) वाळली की चिकट होतात. ओली असतानाच ती सहज निघतात. बरेच शिकारी माउथवॉश वापरतात. त्याने जंतू कमी होतात हे खरं, पण नंतर साध्या पाण्याने धुतलंच पाहिजे, कारण त्यातल्या सुगंधी तेलांना रबरावर रेंगाळू देण्यात अर्थ नाही. माझी पसंती नुसत्या पाण्यालाच. गरम पाणी नको, त्याने टेपचा डिंक सुटतो. ब्लीच आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तर अजिबात नको, कारण ऑक्सिडीकरण हाच रबराचा शत्रू आहे आणि आपण तो हाताने ओतत असतो.

धुतल्यावर झटकून, कापडाने फक्त टिपून घ्यावा. पुसायला गेलं की कापाची कड कापडात अडकते. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या कापाचं टोक भिंगाखाली, दिव्यासमोर धरून पाहा. सगळा ताण त्या एका बिंदूवर गोळा होतो, आणि फाटायची सुरुवातही तिथूनच होते. आधी कड किंचित वळते, मग टोकापासून केसाएवढी पांढरट रेघ आत जाते. ती रेघ दिसली की त्या कॉलचे दिवस भरले. रीड सुट्या राहाव्यात म्हणून मध्ये टूथपिक घालायची पद्धत आहे. ती चांगली आहे, पण गोल, जाड काडी रीडना आणखी ताणते. गुळगुळीत, चपटी प्लॅस्टिकची पट्टी त्याहून बरी. आणि ओला कॉल बंद डबीत कधीच ठेवू नये, बुरशी धरते.

आता खरा मुद्दा. नैसर्गिक रबर म्हणजे पॉलिआयसोप्रीनच्या लांबलचक साखळ्या. १८३९ साली चार्ल्स गुडइयर यांना गंधक आणि उष्णतेने रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. त्यात गंधक या साखळ्यांना जागोजागी जोडतं. पण साखळीतले कार्बनचे बरेचसे दुहेरी बंध तसेच उरतात, आणि हवेतला ऑक्सिजन व ओझोन त्यांच्यावरच तुटून पडतात. जमिनीलगतच्या हवेत दहा कोटी रेणूंमागे ओझोनचे दोन-तीन रेणू सहज असतात, आणि ताणलेल्या रबराला कालांतराने तेवढेही पुरतात. ताण नसेल तर ओझोनचा परिणाम पृष्ठभागावर थांबतो. ताण असेल तर तुटलेल्या साखळ्या दूर ओढल्या जातात, आतलं ताजं रबर उघडं पडतं आणि ताणाच्या काटकोनात भेग पुढे सरकते. हे घरी करून पाहता येतं: एक रबरबँड डब्याभोवती ताणून बाल्कनीत ठेवा, तसाच दुसरा शेजारी सैल ठेवा, आणि आधी कुठला चिरतो ते पाहा. माउथ कॉलमधलं लेटेक्स कारखान्यातून निघाल्यापासून चोवीस तास ताणलेलं असतं, त्याला सैल विसावा ठाऊकच नाही.

उष्णता हे सगळं वेगात नेते. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग दुप्पट होतो. खोलीतल्या २४ अंशांवरून फ्रिजच्या ४ अंशांवर नेलेला कॉल चौपट सावकाश म्हातारा होतो. उलट उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ६४ अंश झाले, तर वेग सोळा पट. एक दुपार तिथे राहिलेला कॉल कित्येक दिवसांचं वय उरकून येतो. अमेरिकेतला वसंतातला हंगाम बहुतेक राज्यांत मार्च ते मे या काळात असतो. उरलेला सगळा काळ कॉल पूर्ण वाळवून, हवाबंद पिशवीत, फ्रिजमध्ये ठेवावा. अंधार आणि थंडी दोन्ही मिळतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडावी, नाहीतर रीडवर दव धरतं. फ्रीझरचा हट्ट कशाला? फार थंडीत ताणलेल्या रबरात स्फटिक बनू लागतात आणि ते ताठरतं. ऊब मिळताच पूर्ववत होतं, पण त्याआधी जीभ लावली तर रीडला इजा होण्याची भीती.

तेल हा निराळा धोका. १९८९ मधल्या चाचण्यांत लेटेक्सच्या कंडोमला एक मिनिटभर खनिज तेल लागलं तर त्याची ताकद सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. बऱ्याच रीड त्याच जातीच्या पातळ लेटेक्सच्या असतात. म्हणून ओठांना लिप बाम किंवा पेट्रोलियम जेली लावून कॉल तोंडात घालू नये. बंदुकीचं तेल लागलेल्या बोटांनी तो उचलू नये. तळकट खाल्लं असेल तर आधी चूळ भरावी.

वाजवण्यापूर्वी रीड थोडा वेळ लाळेत किंवा पाण्यात भिजू द्याव्यात. कोरड्या रीडवर जोरात हवा मारली तर कापाची कड तडकते. काळजी कितीही घेतली तरी एका हंगामापलीकडे कॉल पूर्वीसारखा वाजेलच असं नाही. आवाज सतत खाली उतरत असेल, पट्टी पिवळसर आणि चिकट लागत असेल, तर तो सरावाला ठेवावा आणि नवा आणावा.

एक गोष्ट मात्र निगा राखून सुटत नाही. कॉल तोंडात घातल्यावर ओठ-जीभ खाजली, सुजली किंवा श्वास जड झाला, तर ती लेटेक्सची अ‍ॅलर्जी असू शकते. केळं, किवी किंवा अ‍ॅव्होकॅडो खाल्ल्यावर असाच त्रास होणाऱ्यांनी जास्त जपावं, कारण या फळांतली काही प्रथिनं लेटेक्समधल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. अशा माणसाने माउथ कॉल सोडून डॉक्टरांना दाखवावं, आणि शिकारीला लाकडी बॉक्स कॉल, म्हणजे झाकण कडेवर घासून आवाज काढायची छोटी पेटी, न्यावा. अर्कान्सातल्या डार्डनेलच्या हेन्री गिब्सन यांनी १८९७ साली ज्याचं पेटंट घेतलं तो प्रकार. त्याला लागतो खडू आणि कोरडं हवामान, लाळेशी त्याचा संबंधच येत नाही.