वाढत्या वयातलं गुडघ्याचं ऑपरेशन: ‘थांबा’ या सल्ल्यामागचा इतिहास

“लेकरू अजून वाढायलंय, अठराचं होऊ द्या, मग बघू.” लातूरला फिजिओथेरपी करताना, गुडघ्यातलं लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारा चिवट दोर) तुटलेल्या मुलांच्या असंख्य पालकांच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलंय. कुणी सांगितलं असं विचारलं, तर कधी गावातल्या हाडवैद्याचं नाव निघतं, कधी शाळेतल्या सरांचं, कधी चांगल्या शिकलेल्या डॉक्टरांचंही. हा सल्ला अडाणीपणातून आलेला नाही. एके काळी जगभरचे सर्जन हेच सांगत. पण तो का सुरू झाला आणि पुढे का बदलला, हे आपल्याकडच्या आईवडिलांपर्यंत पोहोचलेलंच नाही, आणि तोवर लेकराचा गुडघा झिजत राहतो.

मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये गुडघ्याच्या आत दोन लिगामेंट फुलीसारखी एकमेकांना छेदून जातात. त्यातलं पुढचं म्हणजे एसीएल, अँटिरिअर क्रुशिएट लिगामेंट; क्रुशिएट म्हणजे फुलीसारखं. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा पिळवटू नये, हे त्याचं काम. फुलीवरून आलेलं नाव दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्यापर्यंत मागे जातं. इंग्लंडमध्ये लीड्सला सर्जन मेयो रॉबसन यांनी १८९५ साली एका खाणकामगाराची तुटलेली लिगामेंट शिवली. १९१७ साली अर्नेस्ट हे-ग्रोव्हज या सर्जननी शिवणं सोडून मांडीच्या बाहेरच्या बाजूची चिवट पट्टी घेतली आणि हाडांना भोक पाडून त्यातून ती ओवून नवं लिगामेंट बसवलं. ही पट्टी लक्षात ठेवा, पुढे लहान मुलांच्याच कामी ती पुन्हा आली.

या सगळ्या काळात मुलं चित्रात नव्हतीच. मुलांचं लिगामेंट तुटत नाही, असाच समज होता. त्याला आधारही होता: कोवळ्या वयात लिगामेंट हाडापेक्षा चिवट असतं, त्यामुळे झटका बसला की ते तुटण्याऐवजी नडगीच्या माथ्यावरचा हाडाचा कपचा उपटून आणतं. मायर्स आणि मॅकीव्हर यांनी १९५९ साली अशा फ्रॅक्चरचे प्रकार पाडले, ते आजही वापरात आहेत. कपचा एक्स-रेवर दिसतो, नुसतं तुटलेलं लिगामेंट दिसत नाही. म्हणून कित्येक मुलं ‘पाय मुरगळलाय’ म्हणून घरी गेली असणार. ते ओळखण्याची साधी हाताची तपासणी, लॅकमन टेस्ट, १९७६ साली छापून आली. गुडघा थोडा वाकवायचा, एका हातानं मांडी घट्ट धरायची, दुसऱ्या हातानं नडगी पुढे ओढायची. लिगामेंट शाबूत असेल तर नडगी जागीच टक्कन अडते, तुटलं असेल तर सरकतच जाते. मुलांचे सांधे मुळातच सैल, म्हणून दुसरा पायही तपासून ताडून बघावाच लागतो. एमआरआय आलं तेव्हा ही दुखापत मुलांमध्येही होते, हे डोळ्यांना दिसू लागलं.

मग ऑपरेशनला भ्यायचं कारण काय? वाढीची पट्टी. मुलांच्या हाडांच्या टोकाशी कूर्चेचा एक पातळ थर असतो, हाड लांबतं ते तिथून. पायाच्या एकूण वाढीपैकी सुमारे दोन तृतीयांश वाढ गुडघ्याच्या वरच्या आणि खालच्या अशा दोनच पट्ट्यांतून होते. मांडीच्या हाडाची पट्टी वर्षाला साधारण ९ मिलिमीटर भर घालते, नडगीची ६. मोठ्या माणसाच्या ऑपरेशनमध्ये ड्रिल नेमका या दोन्ही जागांमधून जातो. पट्टीला इजा होऊन तिथे हाडाचा पूल जमला की त्या जागची वाढ थांबते, पाय आखूड राहतो किंवा वाकडा होतो. अमेरिकेतल्या अनुभवी सर्जनांकडे चौकशी करून २००२ साली एक अभ्यास छापला गेला. त्यात वाढ बिघडल्याच्या १५ घटना पुढे आल्या. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी स्क्रू किंवा हाडाचा तुकडा पट्टीच्या आरपार बसवलेला होता. म्हणजे भीती खोटी नव्हती. पट्टा बांधा, खेळ बंद करा, वाढ संपू द्या, हा सल्ला त्या भीतीतून आला.

पण थांबलेल्या गुडघ्यांचं काय झालं? धाराशिवकडची अकरा वर्षांची एक खो-खो खेळणारी मुलगी माझ्याकडे आली होती. पाठलाग करताना हुलकावणी बसली, पाय जमिनीत रुतलेला आणि अंग वळलं. ‘खट्’ असा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. लेप लावला, महिनाभरात सूज उतरली, चालता यायला लागलं. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पुढचे सहा महिने ती कळशी घेऊन वळली की “गुडघा निसटायलाय” म्हणायची. दर निसटण्याला आतली गादी चिरडते, म्हणजे मेनिस्कस. फिलाडेल्फियातल्या डॉक्टरांनी १४ वर्षांपर्यंतच्या ७० मुलांचा अभ्यास २०११ साली छापला: ज्यांचं ऑपरेशन १२ आठवड्यांपेक्षा लांबलं, त्यांच्यात आतल्या बाजूची गादी दुरुस्तीपलीकडे फाटण्याचा धोका कितीतरी जास्त होता. लिगामेंट नवं घालता येतं, गेलेली गादी परत आणता येत नाही.

वाट निघाली ती हे-ग्रोव्हज यांच्या त्या जुन्या, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या पट्टीतून. कॅनडाचे सर्जन मॅकिंटॉश तीच पट्टी वापरत. बोस्टनचे लाइल मिकेली आणि मिनिंदर कोचर यांनी ती पद्धत मुलांसाठी बेतली. पट्टी वरून सोडवायची, नडगीकडचं टोक जागेवरच ठेवायचं, मांडीच्या हाडाला मागून वळसा घालून ती सांध्यात आणायची आणि पुढे नडगीवर शिवायची. ड्रिलच नाही, त्यामुळे वाढीच्या पट्टीला भोकही नाही. २००५ साली त्यांनी ४४ मुलांची माहिती दिली, सरासरी वय १०.३ वर्षं. ऑपरेशननंतर ही मुलं सरासरी २१.५ सेंटिमीटर उंच झाली, एकाचाही पाय वाकडा किंवा आखूड झाला नाही, आणि दोघांनाच दुसरं ऑपरेशन लागलं. २००३ साली अॅलन अँडरसन यांनी दुसरी वाट दाखवली, वाढीच्या पट्टीच्या अलीकडेच, हाडाच्या टोकात, बोगदे घ्यायची. वाढ संपत आलेल्या मुलांमध्ये मात्र बारीक, सरळ बोगद्यातून मऊ स्नायुबंध ओवला तरी चालतो.

कुणाला काय, हे जन्मतारखेवर ठरत नाही. डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. मुलींच्या गुडघ्याची वाढ साधारण चौदाव्या वर्षी थांबते, मुलांची सोळाव्या. म्हणजे ‘अठरा’ या आकड्याला गुडघ्यात आधारच नाही. तो मतदानाचा आणि मुलींच्या लग्नाचा आकडा आहे, हाडांचा नव्हे.

सगळ्यांनाच कापावं लागतं, असंही नाही. गादी शाबूत असेल आणि गुडघा निसटत नसेल, तर आधी व्यायामानं बघायची पद्धत नॉर्वेत रुजलेली आहे. पण तिथे थांबणं म्हणजे घरी बसवणं नव्हे: महिनोन्‌महिने ताकदीचा आणि तोलाचा व्यायाम, आणि नियमित तपासणी. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या २०१८ च्या निवेदनात दोन्ही मार्ग आहेत. ऑपरेशन झालं तर मुलांनी वळणावळणाच्या खेळात १२ महिन्यांच्या आत परतू नये, असंही त्यात आहे.

ते १२ महिने आपल्याकडे खरे अवघड. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हापासून मैदानावर येणाऱ्या मुली मला जास्त दिसतात. पण छत्रपती संभाजीनगरचं घाटी, म्हणजे तिथलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, १९५६ साली झालं, अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय सत्तरच्या दशकात; तालुक्याच्या गावात व्यायाम करवून घेणारं माणूस आजही सहज सापडत नाही. त्यात बीड-धाराशिवची कितीतरी कुटुंबं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. पोर आजीजवळ असतं किंवा फडावर, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन.

त्या खो-खोवाल्या मुलीचं ऑपरेशन शेवटी झालं, मांडीच्या पट्टीच्याच पद्धतीनं. आईबाप फडावर होते, म्हणून व्यायाम मी आजीला शिकवला. आजीला आकडे मोजायची सवय नव्हती, तिनं ज्वारीचे दाणे ठेवले: एका वेळी तीस दाणे, एकदा पाय उचलला की एक दाणा वाटीत. दर सहा महिन्यांनी मी मुलीला झोपवून दोन्ही पाय टेपनं मोजते, कमरेच्या हाडाच्या टोकापासून आतल्या घोट्यापर्यंत. पहिल्या खेपेला दोन्ही ७४ सेंटिमीटर होते. वर्षानं, पाडव्याला आई फडावरून परतली, तेव्हा तिच्यासमोर मोजले. उजवा ७७. डावा ७७.