मळीच्या टाकीवर चढणारी चाकं

सांगली-साताऱ्याकडचा गळीत हंगाम साधारण मार्च-एप्रिलला उरकतो. गव्हाणीत, म्हणजे ऊस मिलकडे नेणाऱ्या पट्ट्यावर, शेवटची मोळी पडली की दसऱ्याच्या सुमाराला बॉयलरचं अग्निप्रदीपन होईपर्यंत पाच-सहा महिने मिळतात. त्यात मिलचे रोलर खोलायचे, बॉयलरच्या नळ्या तपासायच्या, पंपांचे बेअरिंग बदलायचे. या गर्दीत मळीच्या, म्हणजे साखर काढून उरलेल्या दाट काळ्या पाकाच्या, टाकीच्या पत्र्याची जाडी मोजणं मागे पडतं. टाकी फिरत नाही, आवाज करत नाही, बाहेरून रंग दिला की नवीच दिसते. आणि मोजायची म्हणजे सगळ्या बाजूंनी परांची बांधायची, तिचा खर्च वेगळा, वर माणूस चढवायचा धोका वेगळा. मग खालच्या कड्यावर (टाकीची भिंत पत्र्याची गोल कडी एकावर एक जोडून केलेली असते) हात पोचतो तिथे चार ठिकाणी आणि जिन्याच्या कडेने आणखी पाच-सहा ठिकाणी मोजून कागद पुरा होतो.

हे का पुरत नाही, ते एका हिशेबात कळतं. उदाहरणादाखल २० मीटर व्यासाची, १० मीटर उंच टाकी घेऊ. मळी पाण्यापेक्षा जवळपास १.४ पट जड. टाकी काठोकाठ भरली तर आत सुमारे ४,४०० टन माल, आणि तळाशी दाब १३७ किलोपास्कल. तळाच्या कड्याचा पत्रा १० मिलिमीटर असेल तर तो दाब पत्र्याला गोलाईच्या दिशेने ताणतो, दर चौरस मिलिमीटरला १३७ न्यूटन इतका. पत्रा झिजून ८ मिलिमीटरवर आला की तोच ताण १७२ होतो. नेहमीचं बांधकामाचं पोलाद २५० न्यूटनला कायमचं ताणलं जायला लागतं. वेल्डच्या जोडातले दोष, उन्हाने होणारं प्रसरण, तळाच्या कोपऱ्यातला वाक हे सगळं मधल्या फरकात बसवायचं असतं. दोन मिलिमीटर पत्रा गेला, तर त्या फरकातला तिसरा हिस्सा गेला.

मळीची टाकी फुटली तर काय होतं हे अमेरिकेतल्या बॉस्टन शहराने १५ जानेवारी १९१९ ला पाहिलं. सुमारे १५ मीटर उंच आणि २७ मीटर व्यासाची टाकी भर दुपारी उकलली, मळीची लाट रस्त्यात घुसली आणि २१ माणसं गेली. पेलायच्या वजनाच्या मानाने पत्रा पातळ होता, आणि टाकी त्याआधीपासूनच जोडांतून गळत होती.

म्हणून भिंतीवर चढून मोजणाऱ्या यंत्रमानवाकडे गंभीरपणे पाहायला हवं. दिसायला तो साधा असतो: चार चाकांची चपटी गाडी, पुढे कॅमेरा आणि दिवा, मागे मोजणारा प्रोब, शेपटीला जाड केबल. चाकांत निओडिमियम-लोह-बोरॉनचे कायमचे चुंबक बसवलेले असतात. हे चुंबक १९८० च्या दशकात आले. त्याआधीच्या फेराइट चुंबकांनी एवढ्या लहान अंगात इतकी ओढ मिळणं अवघड होतं.

चिकटून राहण्याचा हिशेब

गाडी ८ किलोची आणि १० मीटर उंचीवर लोंबणारी केबल दीड किलोची धरू. एकूण वजन सुमारे ९३ न्यूटन. उभ्या भिंतीवर गाडीला पडू देत नाही ते घर्षण, आणि घर्षण मिळतं चुंबकाच्या ओढीमुळे. रंगवलेल्या, थोड्या धुळकट पत्र्यावर रबर चढवलेल्या चाकाचा घर्षणांक ०.४ धरला तर चुंबकांनी किमान २३३ न्यूटनने भिंतीला धरलं पाहिजे. दुप्पट सुरक्षितता घेतली की सुमारे ४७० न्यूटन, म्हणजे ४८ किलो वजन उचलण्याइतकी ओढ. यापेक्षा फार जास्त ओढ ठेवणंही सोयीचं नसतं. चाक वळवायला मोटरला जोर लागतो, रंग खरवडला जातो आणि जोडावरून जाताना गाडी अडकते.

आता यात पाणी येतं. प्रोबच्या ध्वनीला पत्र्यात शिरायला मध्ये पाण्याचा पातळ थर लागतो, म्हणून गाडी सतत पाणी सोडत असते. चाकाखाली ओल आली आणि घर्षणांक ०.२५ वर घसरला तर लागणारी ओढ ३७२ न्यूटन होते, आणि दुप्पट वाटणारी सुरक्षितता सव्वापटीवर येते. म्हणूनच जाणकार प्रोब गाडीच्या खालच्या टोकाला बसवतात आणि चढतानाच मोजतात. पाणी खाली ओघळतं, चाकं कोरड्यावर राहतात. उतरताना पाणी बंद करून, शक्यतो शेजारच्या कोरड्या पट्टीवरून उतरायचं.

पाण्यापेक्षाही गंज जास्त फसवतो. चुंबकाची ओढ अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होते. पाव-अर्धा मिलिमीटर रंग असला तर भागतं. पण गंजाचे दोन-तीन मिलिमीटरचे पापुद्रे सुटले असतील तर ओढ निम्म्याच्या खाली येऊ शकते. वर पापुद्रा स्वतःच भिंतीपासून सुटलेला असतो, चाकाबरोबर तो निघून येतो. गाडी जिथे घसरण्याची शक्यता सर्वांत जास्त, नेमकी तीच जागा मोजण्याची गरजही सर्वांत जास्त. त्यामुळे चढवण्याआधी दुर्बिणीने भिंत न्याहाळून असे पट्टे हेरावे लागतात, आणि गाडीला वरच्या कठड्यावरून सुरक्षा-दोर बांधल्याशिवाय ती सोडायची नाही. वीज गेली तरी गाडी खाली घरंगळू नये म्हणून मोटरला वर्म गिअर किंवा वीज गेल्यावर आपोआप लागणारा ब्रेक असतो. पण ब्रेक चाक धरतो, भिंत धरत नाही. भिंत सुटली तर दोरच कामाला येतो.

आणखी एक बारीक गोष्ट. गंजाची काळी भुकटी आणि ग्राइंडिंगचा कीस चाकांच्या चुंबकांना चिकटत जातो. दोन-तीन फेऱ्यांनंतर चाकावर केसाळ थर दिसतो आणि गाडी वरच्या वर हलकीशी सरकू लागते. चिकटपट्टी दाबून आणि सोलून हा कीस निघतो. नुसत्या फडक्याने तो इकडून तिकडे होतो.

आकडा कसा येतो आणि कुठे चुकतो

जाडी मोजायचं तत्त्व सोपं आहे. प्रोब श्राव्यातीत ध्वनीचा एक ठोका पत्र्यात सोडतो, तो मागच्या पृष्ठावरून परततो, आणि जाण्यायेण्याचा वेळ मोजला जातो. पोलादात हा ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर जातो. १० मिलिमीटर पत्र्यातून जाऊन परत यायला ३.४ मायक्रोसेकंद लागतात. एक दशांश मिलिमीटरचा फरक ओळखायचा तर सेकंदाचा सुमारे ३ कोटीवा भाग ओळखायचा. यंत्र ते सहज करतं. चूक होते ती भोवतालच्या गोष्टींमुळे.

पहिली रंगाची. रंगात ध्वनी पोलादाच्या निम्म्याहून कमी वेगाने जातो. पोलादाच्या वेगाने हिशेब करणारं यंत्र ०.३ मिलिमीटर रंगाला जवळपास पाऊण मिलिमीटर पोलाद समजतं. म्हणजे भिंत आहे त्यापेक्षा जाड दिसते, आणि ही चूक धोक्याच्या बाजूची आहे. उपाय आहे: पहिल्या आणि दुसऱ्या प्रतिध्वनीमधलं अंतर मोजायचं. रंग दोन्हीत सारखाच असल्याने वजा होतो. ही पद्धत वापरली की नाही, हे अहवालात लिहिलेलं असलंच पाहिजे.

दुसरी उन्हाची. मे महिन्यात दुपारी सांगलीत टाकीचा पश्चिमेकडचा पत्रा हाताला सोसत नाही. पोलाद तापलं की त्यातला ध्वनीचा वेग उतरतो, साधारण ५५ अंशांच्या वाढीला एक टक्का. सावलीत २५ अंशांना यंत्र जुळवलं आणि ६० अंशांच्या भिंतीवर लावलं तर १० मिलिमीटरला ०.०६ मिलिमीटर जास्त दिसतं. किरकोळ वाटतं, पण वर्षाकाठी दशांश मिलिमीटर झीज शोधायची असेल तर तो अर्ध्याहून जास्त हिस्सा झाला. म्हणून यंत्र जुळवायचा, माहीत असलेल्या जाड्यांच्या पायऱ्यांचा पोलादी ठोकळा भिंतीलाच टेकवून ठेवावा, म्हणजे तोही तितकाच तापतो. किंवा सकाळी लवकर काम उरकावं. साध्या निओडिमियम चुंबकांची ताकद ८० अंशांच्या पुढे कायमची कमी होऊ लागते, हेही लक्षात असू द्यावं.

तिसरी पत्र्याच्या पोटातली. कधी लाटताना पत्र्यात मधोमध थर सुटलेला राहतो. १० मिलिमीटर पत्र्यात अचानक ५ असा आकडा मोठ्या भागात एकसारखा येतो आणि धावपळ उडते. गंजाने झिजलेली जागा अशी एकसारखी नसते. आकडे खाली-वर होतात, कडेला हळूहळू वाढतात. आणि खोल, टोकदार खड्डा असला तर प्रतिध्वनी विखुरतो व आकडाच येत नाही. रिकाम्या राहिलेल्या अशा नोंदी अहवालातून गाळून टाकल्या जातात, ही वाईट सवय आहे. प्रोबखाली हवा शिरल्यानेही नोंद रिकामी राहते, पण एकाच जागी पुन्हा पुन्हा रिकामी राहत असेल तर तिथे हाताने पाहायलाच हवं.

या सगळ्याचा परिणाम शेवटी उरलेल्या आयुष्याच्या गणितावर होतो. समजा एका जागी पाच वर्षांपूर्वी ९.६ मिलिमीटर होतं, आज ९.० आहे, आणि त्या कड्याला किमान ८.२ लागतं. झीज वर्षाला ०.१२, उरलेलं ०.८; म्हणजे साधारण साडेसहा वर्षं हातात. आता आजचा आकडा खरं तर ८.७ होता आणि मोजणीत ०.३ ची चूक झाली असं धरा. झीज ०.१८ होते, उरतं ०.५, आणि मुदत तीन वर्षांच्याही आत येते.

जागा हरवली तर सगळंच हरवलं

हे गणित एका गोष्टीवर उभं आहे: दोन्ही वेळा मोजलेली जागा एकच असली पाहिजे. गाडी आपली जागा चाकाच्या फेऱ्या मोजून ठरवते. चाक नुसतं एक टक्का घसरलं तरी १० मीटर चढल्यावर १० सेंटिमीटरची चूक होते, आणि गंजाचा खड्डा दोन-तीन सेंटिमीटरचा असू शकतो. म्हणून मोटरला न जोडलेलं एक स्वतंत्र हलकं मोजचाक लावतात. त्याच्यावर जोर नसल्याने ते फारसं घसरत नाही. त्याहून भरवशाची खूण म्हणजे आडवे वेल्डचे जोड. ते हलत नाहीत. प्रत्येक जोड ओलांडताना कॅमेऱ्यात दिसला की तिथे अंतर पुन्हा शून्यापासून धरायचं, म्हणजे चूक एका कड्यापुरती राहते. घेरातली सुरुवात मॅनहोलच्या मध्यरेषेपासून.

आणि प्रोब किती पाहतो, हेही स्पष्ट असावं. आपल्या टाकीचा घेर ६३ मीटर. दर मीटरला एक उभी पट्टी घेतली, सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने दर अडीच सेंटिमीटरला एक नोंद केली, तर ६३ पट्ट्या आणि २५,००० हून अधिक आकडे मिळतात. नुसत्या चढण्याला पावणेदोन तास. उतरणं, गाडी सरकवणं, केबल सोडवणं धरून पूर्ण दिवस. हाताने मोजलेल्या दहा-बारा आकड्यांपुढे हा खजिनाच. तरी प्रोब एक सेंटिमीटर रुंद असेल तर त्याने भिंतीचा जेमतेम एक टक्का पाहिलेला असतो. म्हणून पट्ट्या सगळीकडे सारख्या घेण्यापेक्षा तळाचं कडं, जिन्याच्या आधारांचे जोड, पाणी साचणाऱ्या पट्ट्या आणि मळीची पातळी वर्षभर जिथे वर-खाली होते तो भाग इथे दाट घ्याव्यात. टाकीचा तळ खालून गंजतो, तो भिंतीवरच्या गाडीला दिसतच नाही. त्याची तपासणी टाकी रिकामी करूनच होते, आणि तिथे माणूस उतरवण्याआधी ऑक्सिजन मोजणं सक्तीचं. उरलेली मळी आंबली की कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो.

साखर कारखान्यात या गाडीला आणखी एक मोठं काम आहे, बॉयलरच्या पाणनळ्यांच्या भिंती. उसाबरोबर आलेली माती-वाळू बगॅसमधून (उसाच्या चोथ्यातून) भट्टीत जाते आणि राखेबरोबर उडून नळ्या घासते. गाडी नळ्यांवरून चढत एकेक नळी मोजू शकते, मात्र आधी राखेचा थर साफ हवा, नाहीतर प्रोब नळीला टेकतच नाही. इकोनॉमायझरच्या, म्हणजे धुराच्या उष्णतेवर बॉयलरचं पाणी आधी तापवणाऱ्या भागाच्या, नळ्यांच्या दाट जुडग्यात तिला शिरायला जागा नसते. आसवनीतल्या (मळीपासून अल्कोहोल काढतात तिथल्या) स्टेनलेस स्टीलच्या फर्मेंटरवर, म्हणजे मळी आंबवायच्या टाकीवर, तर ती चिकटतच नाही, कारण ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील चुंबकाला दाद देत नाही. इथेनॉलच्या टाकीजवळ स्फोटक वाफ असू शकते, तिथे त्यासाठी प्रमाणित केलेली गाडीच न्यायची.

साताऱ्याकडे वळलं की प्रश्न बदलतो. चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्यांचे जे पोलादी नळीचे मनोरे आहेत, त्यांवर चुंबकी गाडी चालते, पण पाती फायबरची. कोयनेचं १०३ मीटर उंच धरण काँक्रीटचं, सांगलीचा १९२९ सालचा आयर्विन पूल दगडी. तिथे चुंबकाचा उपयोग नाही, हवा ओढून चिकटणारी यंत्रं लागतात. ३० सेंटिमीटर चौरस कप्प्यात दाब फक्त १० किलोपास्कलने कमी केला तरी ९०० न्यूटन ओढ मिळते. अडचण ओढीची नसून गळतीची असते. खडबडीत दगडाच्या सांध्यांतून हवा आत येते आणि पंखा सतत पूर्ण जोराने चालवावा लागतो. चाळकेवाडीच्या सुमारे १,१०० मीटर उंचीवर हवा आधीच विरळ, आणि वारा गाडीला बाजूने ढकलतो. अशा जागी दोरावरून उतरणारा प्रशिक्षित माणूस किंवा ड्रोन आजही जास्त भरवशाचा.

काम देताना कंत्राटदाराकडून नुसता रंगीत नकाशा घेऊ नये. प्रत्येक नोंदीची जागा, वेळ, मूळ प्रतिध्वनीचा आलेख, रिकाम्या नोंदी आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ केलेल्या जुळवणीचे आकडे फाइलमध्ये मागावेत. पुढच्या वेळी कंत्राटदार दुसरा असला तरी तुलना करता आली पाहिजे.

आणि गाडीने पातळ जागा दाखवली की परांची लागतेच, पण तेवढ्या एका जागेपुरती. तिथे अनुभवी माणूस चढतो, रंग आणि गंज ब्रशने साफ करतो, १० सेंटिमीटरचा चौकोन आखून दर सेंटिमीटरला हाताने प्रोब टेकवतो. सर्वांत कमी आलेला आकडा आणि तारीख तो पत्र्यावरच रंगाच्या पेनने लिहितो, चौकोनाचं जवळच्या आडव्या जोडापासूनचं अंतर टेपने मोजून वहीत घेतो, आणि मगच प्रायमर लावतो.