हापूसची खोकी आणि बाहुलीचं घर

मे संपत आला की आमच्या मागच्या पडवीत आंब्याची रिकामी खोकी वाशांना टेकेपर्यंत चढतात. यंदा भाचीने त्याच ढिगाकडे बोट दाखवून बाहुलीसाठी घर मागितलं. तयार घराची किंमत मी फोनवर पाहिली आणि फोन उलटा ठेवला. मग सुरी काढली. खोकं कापता कापता हे बाहुलीघर मुळात आलं कुठून, या शोधाला लागले.

बाहुलीघर हा युरोपातला प्रकार, आणि सुरुवातीला त्याचा मुलांशी काही संबंध नव्हता. 1558 च्या सुमारास बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने म्युनिकमध्ये एक बाहुलीघर करवून घेतलं. पाहुण्यांना दाखवायचं वैभव होतं ते. पुढे नेदरलँड्समधल्या श्रीमंत व्यापाऱ्यांच्या बायकांना हा नाद लागला. अ‍ॅमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ऑर्टमनने 1686 पासून जवळजवळ 1710 पर्यंत एका कपाटात घर मांडलं. आत खरी चिनी मातीची इवली भांडी, भिंतींवर खरी चित्रं. खर्च 20 ते 30 हजार गिल्डर. तेवढ्या पैशात तिथे कालव्याकाठचं खरं घर येत असे. ते कपाट आज राइक्सम्यूझियममध्ये आहे. त्या बाईंना मुलांचे हात त्यापासून लांब ठेवायला किती ओरडावं लागलं असेल, याचाच मी विचार करते.

एका फुटाला एक इंच हे माप आज बाहुलीघराचं सर्वमान्य माप आहे. ब्रिटनच्या राणी मेरीसाठी एडविन लट्येन्स या वास्तुविशारदाने 1921 ते 1924 या काळात जे घर बांधलं, तेही याच मापात. नळाला पाणी, दिव्यांना वीज, सगळं चालू. दिल्लीतलं आजचं राष्ट्रपती भवनही याच लट्येन्सचं, आणि दोन्ही कामं त्याच्या टेबलावर एकाच वेळी होती. यातलं आपल्या कामाचं फक्त माप. आमचे सुतार आणि गवंडी अजून फूट-इंचातच बोलतात, त्यामुळे कोकणी घर छोटं करताना गणिताची वही लागत नाही. मंगळुरी कौल साधारण 16 इंच लांब, म्हणजे बाहुलीकडे ते सव्वा इंचापेक्षा थोडं मोठं.

गरिबाघरी बाहुलीघर गेलं ते खोक्यांच्या वाटेने. इंग्लंडात महायुद्धाच्या आगेमागे संत्र्यांच्या लाकडी पेट्या उभ्या करून घरं करायचे. मधली फळी आयतीच वरच्या मजल्याची जमीन. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण आमच्याकडे आंब्याच्या पेटीचं नेमकं तेच झालं होतं.

पण पेटीच्या आधी काय होतं? खरं सांगायचं तर घरच नव्हतं. आपल्या भातुकलीत भिंतींना कोणी विचारत नसे. आधी तीन दगडांची चूल, मग बोळकी, मग करवंटीत मातीचा भात. घर म्हणजे खळ्यात काठीने ओढलेली रेघ. रेघेच्या आत ‘माजघर’, बाहेर ‘पडवी’, आणि रेघेवर पाय पडला की भांडण. छप्पर हवंच असेल तर माडाचं एक चुडत तिरकं टेकवायचं. जेवायला तिसऱ्यांच्या शिंपल्या, ताट म्हणून पोफळीच्या विरीचा गोल कापलेला तुकडा. यातलं काही विकत आणलेलं नसे आणि संध्याकाळी केर काढताना सगळं जात असे. म्हणूनच कुठल्या संग्रहालयात ते दिसणार नाही.

विकतचं जे होतं ते सावंतवाडीचं. चितार आळीतली लाकडी फळं, बैलगाड्या, लाखेच्या रंगातली भांडीकुंडी, आणि ठकी. ठकी म्हणजे लाकडाच्या एकाच तुकड्यातून कोरलेली ठोकळेबाज बाहुली, डोळे वटारलेली. या खेळण्यांना पांगारा वापरत, कारण तो हलका आणि कोरायला मऊ. याच गावातली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांची कला, मरायला टेकली होती. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी 1970 च्या दशकात राजवाड्यात कारागीर बसवून ती पुन्हा चालू केली. गंजिफाच्या पानांचं कापड कडक करायला चिंचोक्याची खळ लावतात. आमच्या आजीच्या बोलण्यात ‘खळ’ हा शब्द असायचा. ती पतंगाला, वह्यांना आणि तुटलेल्या खेळण्यांनाही तीच लावायची. फेविकॉल आला 1959 साली, गावातल्या घरांत पोचायला त्याला आणखी बराच वेळ लागला.

ठकी मात्र जत्रेतून यायची, वर्षातून एकदा, आणि तीही हट्ट पुरवला तर. मग तिला राहायला जागा हवी. इथे पेटी येते.

हापूस मुंबईला जायचा लाकडी पेट्यांतून, भाताच्या पेंढ्यात रचून. पेटीची फळकुटं पातळ, खिळे बारीक. घरात एखादी तुटकी पेटी हमखास उरायची. आडवी ठेवली की एका खोलीचं घर, दोन जोडल्या की ओटी आणि माजघर. माझ्या आईने अशा पेटीत आपली ठकी ठेवलेली होती, आणि पेटीच्या कडेला काळ्या शाईत व्यापाऱ्याचा नंबर होता, तो तिच्या घराचा ‘घर नंबर’. हळूहळू लाकूड महागलं आणि पन्हळी पुठ्ठ्याची खोकी आली. या पुठ्ठ्याचं मूळही मजेशीर आहे: 1856 साली इंग्लंडात पहिल्यांदा त्याचं पेटंट घेतलं ते उंच टोप्यांना आतून अस्तर लावायला. सामान बांधायला तो 1871 पासून वापरात आला.

पुठ्ठा आल्याने एक फायदा झाला, जो लाकडात नव्हता. खोक्याचा तुकडा घ्या, एका बाजूला ओल्या फडक्याने नुसतं पुसा, दोन मिनिटं थांबा आणि वरचा कागद नखाने सोलायला घ्या. कोपऱ्यातून सुरुवात केली तर पट्टीच्या पट्टी निघते. आत पन्हळी उघड्या पडतात आणि लांबून त्या थेट नळीची कौलं दिसतात. वरून पाण्यात कालवलेला गेरू, कुठे गडद कुठे फिका. वळचणीकडे थोडी काजळी, जशी पावसाने खऱ्या छपरावर चढते. या एका कामाला पैसा शून्य लागतो आणि बघणारा आधी तिथेच हात लावतो.

मंगळुरी कौल हवं असेल तर मात्र तुकडे कापून, चढवून लावावे लागतात. ते कौलही या किनाऱ्याला तसं उशिराचं. बाझेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला 1865 मध्ये कारखाना काढला, तिथून ते किनाऱ्यावर पसरलं. त्याआधी नळे आणि गवत. जुनं घर दाखवायचं असेल तर पन्हळीच बरोबर, हे मला काम झाल्यावर कळलं. आळसाला इतिहासाचा आधार मिळाला.

दुसरा मोठा पुरवठा गणपतीचा. विसर्जन झालं की मखर मोडायचं आणि त्याचा माल मुलांच्या वाट्याला: जिलेटीनचे रंगीत कागद, सोनेरी पट्ट्या, मणी, घडीचे पंखे. बाहुलीच्या खिडक्यांना रंगीत काचा हव्यात? जिलेटीन. देवघराला महिरप? मखराची पट्टी. मधली बरीच वर्षं सगळा कारभार थर्माकोलचा होता. कापायला सोपा, वजनाला काही नाही. मार्च 2018 मध्ये राज्याने प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आणली, आणि मखरं पुन्हा पुठ्ठ्याकडे, कापडाकडे, बांबूकडे वळली. त्याबरोबर मुलांचा कच्चा मालही बदलला. मला थर्माकोलची हळहळ नाही. शाळेत असताना त्याची सुरेख भिंत करून मी तिच्यावर स्प्रेचा रंग मारला होता. रंगातल्या द्रवाने थर्माकोल विरघळला आणि डोळ्यांदेखत भिंतीला भोकं पडली.

काड्यापेटी ही तिसरी गोष्ट. विमको ही काड्यापेटीची कंपनी 1923 सालची. तिच्या पेट्या पूर्वी लाकडाच्या पातळ सालीच्या असत. पुढे पुठ्ठ्याच्या आल्या. सहा पेट्या एकावर एक चिकटवल्या की खणांचं कपाट, खण खरोखर उघडणारे, मुठीला मणी. 1 डिसेंबर 2021 ला काड्यापेटी 1 रुपयावरून 2 वर गेली, 14 वर्षांनी. म्हणजे बाहुलीचं कपाट 6 रुपयांवरून 12 वर. त्यातही काड्या घरात वापरल्या जातातच, तेव्हा हिशोबात हा खर्च धरावा का यावर आमच्याकडे मतभेद आहेत.

सगळा माल जमल्यावर खरी अडचण आराखड्याची. विलायती बाहुलीघर कपाटासारखं असतं: मजल्यावर मजले, समोरची भिंत दारासारखी उघडते. आपलं घर तसं नाहीच. ते आडवं पसरतं, ओटी, माजघर, देवघर, मागे पडवी, आणि अर्धा संसार तर खळ्यात. समोरून उघडायला गेलं तर ओटीच जाते, आणि ओटीशिवाय झोपाळा टांगणार कुठे? म्हणून कोकणी बाहुलीघराचं छप्पर उचलायचं. अख्खं कौलारू छप्पर टोपीसारखं काढून बाजूला ठेवलं की वरून सगळ्या खोल्या दिसतात. खळ्यासाठी खोक्याचं झाकण पुढे पसरायचं.

माझं खोकं आतून 16 इंच भरलं, म्हणजे 16 फुटांचं घर. खिडक्यांचे गज हिराच्या काड्यांचे. झोपाळा आइस्क्रीमच्या काड्यांचा, कड्या तांब्याच्या तारेच्या. पावसाळ्याची हौस म्हणून पडवीला चुडताच्या पात्यांची विणलेली झडही बांधली, ती मात्र दोनदा उसवली. जमीन सारवायची तर अस्सल सारवायची, असं मनात आलं आणि गोठ्यातून शेण आणलं. पुठ्ठा पाणी प्यायला, ओटी होडीसारखी वर वळली. ती फेकली. दुसऱ्या ओटीला लाल माती फेविकॉलमध्ये कालवून बोटाने पातळ फिरवली आणि रात्रभर वर पाटा ठेवला.

एकूण खर्च 90 रुपये, त्यातले 50 फेविकॉलचे. भाचीने छप्पर उचललं, आत पाहिलं, ठकीला माजघरात ठेवलं. मग तिला परत बाहेर काढून खळ्यात आणलं आणि तीन खडे मांडून चूल केली. घर ती तेव्हापासून कोंबडीची पिल्लं ठेवायला मागतेय.